आधी फोटोची पाठ बघा: १९४५ च्या जर्मनीतले अमेरिकन सैनिक

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी ताईंच्या शेजारच्या घरातलं सामान विकायला निघालं, त्यात त्यांना जुन्या फोटोंनी भरलेला एक खोका मिळाला. त्या घरातले आजोबा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. खोक्यात ढिगारे झालेली जर्मन शहरं आहेत, रणगाड्यांवर बसलेले सैनिक आहेत, हिटलरची नक्कल करणारा एक जवान आहे, जर्मन मुलींसोबतचे हसरे फोटो आहेत, छळछावणीतल्या प्रेतांचे काही फोटो आहेत आणि पगडी बांधलेल्या माणसांचाही एक आहे. ताई विचारतात: हे फोटो खरे आहेत का, सगळे आजोबांनीच काढलेत का, आणि आता त्यांचं काय करायचं?

मी छायाचित्रसंग्रहांची नोंदणी आणि जतन हे काम करते. युद्धकाळातले घरगुती फोटो हा त्यातला मला सगळ्यात जवळचा विषय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

फोटो खरे असण्याची शक्यता भरपूर आहे. ते सगळे एका माणसाने काढलेले असण्याची शक्यता मात्र फार कमी. पराभूत जर्मनीत एकाच वेळी तीन तऱ्हेचे कॅमेरे फिरत होते: सैन्याचे, वृत्तसंस्था आणि मासिकांचे, आणि साध्या सैनिकांच्या खिशातले. शिवाय कैद झालेल्या जर्मन सैनिकांच्या खिशातून, रिकाम्या घरांतल्या कपाटांतून उचललेले फोटोही सैनिक आठवण म्हणून घरी नेत. या चारही वाटांनी आलेले फोटो एकाच खोक्यात पडलेले असतात. म्हणून खरं-खोटं ठरवण्याआधी कॅमेरा कोणाच्या हातात होता आणि फोटो कोणाला दाखवायला काढला होता, हे शोधायचं. त्यासाठी सगळे फोटो पालथे घाला.

पाठीवर टाइप केलेल्या मजकुराची चिठ्ठी चिकटवलेली असेल, सिग्नल कोअरचा शिक्का असेल किंवा 'एससी' या अक्षरांपुढे सहा आकडी क्रमांक असेल, तर तो सैन्याचा अधिकृत फोटो. सिग्नल कोअर हे मुळात दळणवळणाचं खातं, पण छायाचित्रणही त्याच्याकडेच होतं. १६३, १६५, १६६ अशा क्रमांकांच्या त्याच्या फोटो कंपन्या लढणाऱ्या सैन्यांसोबत पुढे सरकत होत्या. त्यांचा मुख्य कॅमेरा स्पीड ग्राफिक, चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मचा. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म बसत. दोन फोटो झाले की होल्डर बदलायचा. धुमश्चक्रीत असा कॅमेरा चालवणं सोपं नव्हतं, त्यामुळे लढाई शांत झाल्यावरचे, नीट चौकट बांधून घेतलेले, कडेपर्यंत लख्ख दिसणारे फोटो या संग्रहात खूप आहेत. गीसेनजवळ मार्च १९४५ च्या अखेरीस काढलेला एक फोटो बघा. ऑटोबान या जर्मन महामार्गावरून अमेरिकन गाड्या पुढे चालल्या आहेत आणि मधल्या गवताळ पट्ट्यावरून हजारो जर्मन कैदी उलट्या दिशेने पायी येताहेत. पहाऱ्याला माणूस जवळजवळ दिसतच नाही. हिटलरने मिरवलेल्या रस्त्याचा असा उपयोग झालेला ज्याने टिपला, त्याला आपण काय टिपतोय हे नक्की कळत होतं.

हे सगळे अधिकृत फोटो अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॉलेज पार्क, मेरीलँड इथल्या इमारतीत आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांनी नोकरीत काढलेले असल्यामुळे त्यांच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. 'एससी' क्रमांक हाताशी असेल तर मूळ नोंद सापडते: तारीख, गाव, तुकडी आणि बऱ्याचदा फोटो काढणाऱ्याचं नावही.

अधिकृत फोटोंबद्दल दोन प्रकारची माणसं मला भेटतात. एकांना वाटतं शिक्का आहे म्हणजे सगळं जसंच्या तसं घडलं. दुसऱ्यांना वाटतं सैन्याचा फोटो म्हणजे प्रचार, सगळं रचलेलं. दोघांनाही मी टोरगाऊचं उदाहरण देते. २५ एप्रिल १९४५ ला एल्ब नदीवर अमेरिकन आणि सोव्हिएत फौजा भेटल्या आणि जर्मन सैन्याच्या हातात उरलेला मुलूख मधोमध तुटला. पहिली भेट झाली श्ट्रेलाजवळ, लेफ्टनंट कोत्झेबूच्या गस्ती तुकडीची. त्याच दुपारी टोरगाऊत लेफ्टनंट विल्यम रॉबर्टसनने एका चादरीवर रंग फासून अमेरिकन झेंडा केला, किल्ल्याच्या मनोऱ्यावर चढून तो हलवला, आणि पुढे मोडक्या पुलाच्या लोखंडावर सरपटत जाऊन पलीकडच्या सैनिकाला भेटला. त्या क्षणाचा फोटो नाही. रॉबर्टसन आणि सोव्हिएत लेफ्टनंट सिल्वाश्को एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसतात तो फोटो दुसऱ्या दिवशी मुद्दाम उभं करून काढलेला आहे. मोडक्या पुलावर दोन्हीकडचे सैनिक एकमेकांकडे हात लांबवतात, तो ॲलन जॅक्सनचा जगभर गेलेला फोटोही नंतर जुळवून आणलेला. म्हणून भेट खोटी ठरते का? भेट झालीच होती, माणसंही त्याच तुकड्यांची होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उसना नव्हता. फक्त नोंद करताना 'भेटीचा क्षण' असं लिहू नये, 'भेटीनंतर घेतलेला फोटो' असं लिहावं. या एका शब्दाच्या काटेकोरपणावर माझ्या कामाचा निम्मा जीव आहे.

मासिकांचे फोटोग्राफर वेगळ्या तयारीने आलेले होते. १८ एप्रिलला लाइपझिगमध्ये रॉबर्ट कापा एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर मशीनगन लावणाऱ्या जवानांबरोबर होता. त्याच्या डोळ्यांदेखत बाल्कनीच्या दारातला जवान गोळी लागून कोसळला. 'लाइफ'ने ती मालिका मे महिन्यात छापली आणि तो फोटो युद्धात मरणाऱ्या शेवटच्या माणसाचा म्हणून ओळखला जाऊ लागला. छापताना जवानाचं नाव दिलं नव्हतं. तो रेमंड बोमन. आज त्या इमारतीला कापाचं नाव आहे आणि जवळच्या एका रस्त्याला बोमनचं. त्या दिवसानंतर युद्ध आणखी वीस दिवस चाललं आणि माणसं मरत राहिली. 'शेवटचा' हे मथळ्याचं काम होतं, फोटोचं नव्हे. तुमच्या खोक्यात मासिकातून कापलेली पानं असतील तर मथळा आणि फोटो यांची अशीच फारकत करून वाचा.

म्युनिकमधल्या हिटलरच्या घरातला फोटो तुम्ही पाहिला असेल. प्रिन्त्सरेगेन्टनप्लाट्स १६, तारीख ३० एप्रिल, म्हणजे बर्लिनमध्ये हिटलरने जीव दिला तोच दिवस. ४५व्या डिव्हिजनने ताब्यात घेतलेल्या त्या फ्लॅटच्या न्हाणीघरात फोटोग्राफर ली मिलर टबमध्ये बसली आहे. टबच्या कडेला हिटलरची तसबीर टेकवलेली आणि खाली पायपुसण्यावर तिचे बूट. त्या बुटांना डाखाउच्या छळछावणीतला चिखल आहे, कारण ती आणि फोटो काढणारा डेव्हिड शर्मन तिथूनच आले होते. प्रत्येक वस्तू जागेवर ठेवून रचलेला फोटो आहे हा. त्याच टबमध्ये मिलरने शर्मनचाही फोटो काढला, आणि शर्मन ज्यू होता. पराभवाबद्दल इतकं थेट बोलणारं दुसरं चित्र मला माहीत नाही. रचलेला फोटो खोटा असतो असं मानणाऱ्यांनी तो सावकाश बघावा.

आता तुमच्या खोक्याचा खरा ऐवज: सैनिकाने स्वतः काढलेले फोटो. माझा सगळा ओढा यांच्याकडे आहे. त्यांना ना संपादक होता, ना मथळा.

८३व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचा साधा शिपाई टोनी व्हॅकारो सिग्नल कोअरमध्ये जायला निघाला होता. वय कमी म्हणून त्याला परत पाठवलं. त्याने आपला आर्गस सी-थ्री कॅमेरा रायफलबरोबर नेला. रात्रीच्या अंधारात तो सैनिकांची लोखंडी शिरस्त्राणं ओळीने मांडायचा. एकात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), चौथ्यात पुन्हा पाणी. धुतलेली फिल्म झाडाच्या फांदीला टांगायची आणि उजाडताना गुंडाळून पुढे निघायचं. रसायनं मिळायची ती उद्ध्वस्त गावांतल्या फोटोच्या दुकानांत. युद्ध संपल्यावरही तो १९४९ पर्यंत जर्मनीत फोटो काढत राहिला. सगळेच व्हॅकारो नव्हते, पण कॅमेरा असलेला एक तरी जवान बहुतेक प्लाटूनमध्ये असायचा.

आणि जर्मनीत शिरल्यावर तर कॅमेऱ्यांची खाणच लागली. लायकाचं गाव वेट्झलार मार्चअखेर अमेरिकनांच्या हाती आलं. येनामधला झाइसचा आणि वोल्फेनमधला आग्फाचा कारखाना एप्रिलमध्ये. हे दोन्ही जुलैत सोव्हिएतांकडे गेले, पण तोवर कॅमेरे आणि फिल्म सैनिकांच्या हाती भरपूर पोचली होती. पुढे काळ्या बाजारात सिगारेटींच्या बदल्यात लायका मिळत असे. म्हणून ब्राउनी या साध्या, स्वस्त कॅमेऱ्यावर फोटो काढणाऱ्या जवानाचे फोटो १९४५ च्या उन्हाळ्यात एकदम तीक्ष्ण दिसायला लागतात. नवा कॅमेरा कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

यातूनच एक घोटाळा होतो. फोटोच्या कागदामागे 'आग्फा' किंवा 'लेओनार' असं जर्मन कंपनीचं नाव छापलेलं दिसलं की लोक तो जर्मन सैनिकाचा फोटो ठरवून मोकळे होतात. शरणागतीनंतर अमेरिकन सैनिक आपले रोल गावातल्या जर्मन स्टुडिओतच धुवायला टाकत, त्यामुळे कागदावरून फक्त प्रिंट कुठे निघाली ते कळतं. कोणाचा कॅमेरा, ते समोरच्या बाजूवरून ठरवा. जर्मन गणवेशातली माणसं कॅमेऱ्याकडे बघून मोकळेपणी हसत असतील, पाठीवर जर्मन अक्षरात गावाचं नाव असेल, तर तो उचललेला फोटो. मग त्याची नोंद वेगळी.

तारीख लावायला सैन्याचे नियमच मदतीला येतात. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकन तुकड्या जर्मन सीमेत शिरल्या आणि जर्मनांशी हसून-खेळून वागणाऱ्या सैनिकांचे फोटो लगेच अमेरिकन वृत्तपत्रांत आले. वॉशिंग्टनमध्ये नाराजी उमटली, ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेली. असे फोटो प्रसिद्ध करायला मनाई झाली आणि जर्मनांशी मैत्री करण्यावरची बंदी कडक झाली. दंड होता ६५ डॉलर. जून १९४५ मध्ये लहान मुलांपुरती सूट मिळाली, जुलैत प्रौढांशी सार्वजनिक जागी बोलायची मुभा, आणि ऑक्टोबरपासून बंदी बहुतांशी उठली. लग्नाची परवानगी तर १९४६ च्या अखेरीस आली. सैनिकांनी बंदी आधीपासूनच धाब्यावर बसवली होती, पण चोरून भेटणारा माणूस सहसा पुरावा ठेवत नाही. तेव्हा बागेतल्या बाकावर मुलीच्या खांद्यावर हात ठेवलेला, भर उन्हातला फोटो जुलै १९४५ नंतरचा धरायला हरकत नाही.

त्या मुलींकडेही जरा थांबून बघा, अशी माझी विनंती आहे. विजेत्याच्या कॅमेऱ्यासमोर हसणाऱ्या बाईला घरी भाकरी, कोळसा, साबण यातलं काय हवं होतं, की खरंच तो माणूस आवडला होता, हे फोटोत येत नाही. 'प्रेयसी' असं लिहू नका. 'सैनिक आणि जर्मन तरुणी' इतकंच लिहा.

ठिकाणांवरूनही काळ बांधता येतो. रेमागेनचा ऱ्हाइनवरचा लुडेनडॉर्फ पूल ७ मार्चला अमेरिकनांच्या हाती लागला आणि १७ मार्चला कोसळला. उभ्या पुलावरून अमेरिकन सैनिक जाताना दिसले, तर फोटो त्या दहा-अकरा दिवसांतला. न्यूरेंबर्ग २० एप्रिलला पडलं, हिटलरच्या वाढदिवशी. तिथल्या त्सेपेलिन मैदानाच्या सज्जावरचं प्रचंड स्वस्तिक सैनिकांनी त्याच महिन्यात सुरुंगाने उडवलं. ज्या चौथऱ्यावरून हिटलर भाषण करायचा तिथे उभं राहून, हात वर करून, त्याची नक्कल करत फोटो काढून घेणं ही पुढे सैनिकांची रीतच पडली. तुमच्या खोक्यातला नकलाकार बहुधा तिथलाच. मागे रुंद दगडी पायऱ्या आणि खांबांची रांग आहे का बघा. बेर्ख्टेसगाडेनजवळच्या बेर्गहोफमध्ये हिटलरच्या दिवाणखान्याची अवाढव्य खिडकी होती. घर बाँबने आणि आगीने गेलं, खिडकीची चौकट उरली, आणि त्या चौकटीत उभं राहून, मागे आल्प्स घेऊन, असंख्य जवानांनी फोटो काढले. ते अवशेष १९५२ मध्ये पाडले.

खांद्यावरची चिन्हं भिंगाखाली बघा. निळ्यावर तीन तिरपे पांढरे पट्टे म्हणजे तिसरी डिव्हिजन, इंद्रधनुष्याची कमान म्हणजे ४२वी, गरुडाचं डोकं म्हणजे १०१वी हवाई, लाल चौकोनात पिवळा पक्षी म्हणजे ४५वी. (या ४५व्या डिव्हिजनचं जुनं चिन्ह मूळ अमेरिकन लोकांकडून घेतलेलं स्वस्तिक होतं. नाझींमुळे ते युद्धाआधीच बदललं.) चिन्ह किंवा गाडीच्या बंपरवरचे आकडे खरवडलेले दिसले तर ते सेन्सॉरचं काम, फोटो खराब झालेला नाही.

छावणीचे फोटो. इथे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण यावरून घरोघरी गैरसमज आहेत. १२ एप्रिलला आयझेनहॉवर, ब्रॅडली आणि पॅटन या अमेरिकन सेनापतींनी सकाळी मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत दडवलेलं सोनं पाहिलं आणि त्याच दिवशी ओर्ड्रुफची छावणी. हा सगळा प्रचार आहे असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून आपण मुद्दाम जाऊन पाहिलं, असं आयझेनहॉवरने सैन्यप्रमुख मार्शलना कळवलं आणि पत्रकार, खासदार यांना बोलावून घेतलं. वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना बुखेनवाल्ड छावणी बघायला चालत नेलं. फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइटने तोंड फिरवणारी ती माणसं टिपली. त्या दिवसांत डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या काही फोटोंच्या असंख्य प्रती निघाल्या आणि सैनिकांमध्ये वाटल्या-विकल्या गेल्या. त्यामुळे एकच फोटो शेकडो घरांत 'आमच्या आजोबांनी काढला' म्हणून सांगितला जातो. प्रतीवरून काढलेली प्रत असेल तर काळ्या-पांढऱ्यातला तपशील मेलेला असतो, कधी मूळ फोटोची कड आत दिसते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमच्या संग्रहाशी ताडून पाहा. तिथेच छावण्या मुक्त करणाऱ्या डिव्हिजनची यादीही आहे. आजोबांनी काढलेला नसला तरी फोटो फेकू नका. त्यांनी तो जपून घरी आणला, याचा अर्थ घरच्यांनी विश्वास ठेवावा असं त्यांना वाटत होतं. मात्र ही माणसं कोणाची तरी आई, भाऊ होती. हे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

खोक्यात कृष्णवर्णीय सैनिक दिसतात का, हेही बघा. अमेरिकन सैन्य तेव्हा वर्णभेदाने विभागलेलं होतं आणि कृष्णवर्णीय सैनिक गोऱ्या बायकांबरोबर दिसतील असे फोटो प्रसिद्धीपासून दूर ठेवले जात. एप्रिल १९४५ चा एक अधिकृत फोटो मात्र आहे: १२व्या आर्मर्ड डिव्हिजनचा कृष्णवर्णीय जवान बंदूक घेऊन उभा आणि मागे जंगलात पकडलेल्या नाझी कैद्यांची रांग. ज्या माणसाला स्वतःच्या देशात अनेक हॉटेलांत बसू देत नव्हते, तो वंशश्रेष्ठत्व सांगणाऱ्यांवर पहारा देतोय. असे फोटो खासगी संग्रहात मिळाले तर त्यांचं मोल फार मोठं.

आता पगडीवाल्यांचा फोटो. ताई, हा फोटो सगळ्यात आधी वेगळ्या पाकिटात ठेवा. दोन शक्यता आहेत. उत्तर आफ्रिका आणि इटलीत जर्मनांच्या हाती लागलेले ब्रिटिश-भारतीय सैन्यातले युद्धकैदी जर्मनीच्या छावण्यांत होते आणि १९४५ मध्ये सुटले. त्यांच्या अंगावर ब्रिटिश गणवेश असेल. दुसरी शक्यता सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेल्या फ्री इंडिया लीजन या भारतीय पथकाची. हे सैनिक युद्धाच्या शेवटी दक्षिण जर्मनीतून स्वित्झर्लंडकडे निघाले होते आणि अमेरिकन व फ्रेंच फौजांनी त्यांना पकडलं. त्यांचा गणवेश जर्मन, बाहीवर केशरी-पांढऱ्या-हिरव्या ढालीवर झेपावणारा वाघ आणि वर 'फ्रायेस इंडियेन'. बाही दिसत असेल तर जास्तीत जास्त रिझोल्यूशनला स्कॅन करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युरोपात लढणाऱ्या पलटणी त्या एप्रिलमध्ये इटलीत होत्या, जर्मनीत नाही. तेव्हा 'मराठा पलटण जर्मनीत' असा शेरा कोणी सुचवला तर लिहू नका.

आता हाताळणी. खोक्यातला क्रम मोडण्याआधी आहे त्या क्रमाने फोटो काढून ठेवा. शेजारी असलेले दोन फोटो पुष्कळदा एकाच रोलमधले असतात. प्रत्येकाची पुढची आणि मागची बाजू स्कॅन करा, छोट्या प्रिंट १२०० डीपीआयला. क्रमांक पाठीमागे मऊ पेन्सिलीने, कडेला. पेन नाही, चिकटपट्टी नाही, चिकट पानांचा अल्बम तर अजिबात नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या वेगळ्या, थंड जागी हलवा आणि स्कॅनिंग त्यांच्यापासून सुरू करा. संगणकाकडून रंग भरून घेण्याचा मोह टाळा. गणवेशाचा, पदकाच्या फितीचा रंग हा पुरावा असतो आणि यंत्र तो अंदाजाने भरतं.

एकेक फोटो ऑनलाइन विकायला काढू नका, अशी हात जोडून विनंती. छावणीचे आणि नाझी चिन्हांचे फोटो चढ्या भावाने जातात, उरलेला खोका पोरका होतो, आणि कोणी, कुठे, कधी हे सांगणारा धागा कायमचा तुटतो. अख्खा संग्रह घेणाऱ्या संस्था आहेत: पेनसिल्व्हेनियातच कार्लाइल इथे सैन्याचं हेरिटेज सेंटर आहे, काँग्रेस ग्रंथालयाचा माजी सैनिकांचा इतिहासप्रकल्प आहे. खोका विकत घेतला तरी आजोबांनी काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट त्यांच्या वारसांकडेच राहतो. त्यामुळे छापायचे असतील तर परवानगी लागेल.

म्हणून पहिला फोन आजोबांच्या घरच्यांना करा. पूर्ण नाव, सेवाक्रमांक, डिव्हिजन, घरी आलेली पत्रं, डिस्चार्जचा (सैन्यातून मुक्त केल्याचा) कागद यातलं जे मिळेल ते विचारा. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये आग लागून त्या काळातल्या लष्करी सेवानोंदींतल्या सुमारे ऐंशी टक्के जळाल्या, त्यामुळे घरातला डिस्चार्जचा कागद पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. डिव्हिजन कळली की ती कोणत्या तारखेला कोणत्या गावात होती हे सापडतं, आणि मग 'जर्मनी, १९४५' इतकंच लिहिलेल्या फोटोला गाव आणि आठवडा मिळतो. जिथे अंदाज असेल तिथे नोंदीत 'अंदाजे' लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही पुढे लिहा, म्हणजे नंतर बघणाऱ्याला तो तपासता येईल.